आधी म्हाळुंगे, मग मोम्बासा

"परदेशात जाऊन फुकट राबायचं? त्यापेक्षा इथेच कुठेतरी नोकरीला चिकट की!" नर्सिंग किंवा एमएसडब्ल्यू झालेली मुलगी आरोग्य शिक्षणाच्या कामासाठी स्वयंसेवक म्हणून एकटीच केनियाला जायचं म्हणाली, की निगडी-चिंचवडच्या घरांत हे वाक्य ठरलेलं. बाबा खर्च विचारतात, आई विचारते, "तिथे आपलं कोण आहे?" दोन्ही प्रश्न रास्तच आहेत.

आधी पैशांचं बघू. संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम, म्हणजे यूएनव्ही, 18 वर्षांपुढच्यांना घेतो. अर्जाला फी नाही, उलट राहण्या-खाण्यापुरता भत्ता मिळतो. जागा मात्र मोजक्या. याउलट दोन आठवड्यांच्या 'सेवे'साठी भरमसाट पैसे घेऊन सर्टिफिकेट देणारे बरेच आहेत. ती सहल समजा, बायोडेटात तिला फारसं वजन नाही. फी घेणारी प्रत्येक संस्था लबाड असते असं नाही. पण पैसे कशाचे, प्रवेशाची परवानगी कोणती, विमानतळावर न्यायला कोण येणार, हे लेखी मागा. पर्यटक म्हणून या, काम करा, कोण बघतंय, असं म्हणणाऱ्याला तिथेच रामराम.

पोचल्या पोचल्या शिकवायला उभं राहायचं, ही कल्पना डोक्यातून काढा. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस सप्टेंबर 1938 मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून मुंबईहून चीनला निघाले. येनान गाठेपर्यंत फेब्रुवारी 1939 उजाडला. तोवर वाटेतल्या शहरांत पडेल ते काम केलं. नंतर चिनी भाषा शिकले, म्हणून तर तिथल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना शिकवू शकले.

केनियात स्वाहिली बोलणारी माणसं दिवसाचे तास सकाळी सहापासून मोजतात. त्यांचे तीन म्हणजे आपले नऊ. बायका 'आठ वाजता जमू' म्हणाल्या तर त्या दुपारी दोनला येणार, आणि आपली ताई सकाळपासून तक्ते लावून बसलेली! पहिले आठ-दहा दिवस स्थानिक आरोग्य कार्यकर्तीच्या मागे फिरा, वही उघडा, तोंड बंद ठेवा. फिरायला बोडाबोडा, म्हणजे मोटरसायकल टॅक्सी, घ्याल ती कदाचित आपल्या आकुर्डीच्या बजाजची बॉक्सर निघेल. तेवढंच माहेरचं माणूस! हेल्मेट मात्र मागून घ्या.

ऐकायची ही सवय इथेच लावता येते. चाकणच्या कंपन्यांत कंत्राटावर आलेली ओडिशा-बिहारची पोरं म्हाळुंगे, कुरुळी, नाणेकरवाडीत एकेका खोलीत दाटीवाटीने राहतात. तिथे डेंग्यूवर बोलून पाहा. फर्स्ट शिफ्टवाला दुपारी जेवून आडवा झालेला, नाइटवाला डबा भरण्याच्या गडबडीत. 'ड्रम रिकामा करा' म्हणाल, तर तो विचारेल, "मग उद्या पाणी कुठून आणू?" अशा वेळी पत्रकातलं वाक्य कामाचं नाही, ड्रमच्या तोंडाला घट्ट कापड कसं बांधायचं ते बांधूनच दाखवावं लागतं. असे चार-सहा महिने काढलेल्या मुलीकडे मुलाखतीत सांगण्यासारखं काहीतरी असतं. जामखेडला तर रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये सुरू केलेल्या आरोग्य प्रकल्पात खेड्यातल्या कमी शिकलेल्या बायका हेच काम करत आल्या, आणि ते शिकायला परदेशातून लोक येतात. जमलं तर जाण्याआधी तिथे डोकावून या.

आता पालकांसाठी. केनियाला जाण्याआधी किमान 10 दिवस पिवळ्या तापाची लस अधिकृत केंद्रातच घ्यायची. लस घेतल्याचा दाखला नसेल तर भारतात परतल्यावर 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. केनिया आपल्यापेक्षा अडीच तास मागे. तिथे रात्री आठला मुलगी मोकळी होते, तेव्हा इथे साडेदहा. बाबांची नाइट असेल तर ते कंपनीच्या बसमध्ये. म्हणून फोनची वेळ आधीच ठरवा. पहिल्या आठवड्यात रडका फोन येईल, जेवण आवडत नाही म्हणेल. लगेच 'परत ये' म्हणू नका. पण ठरलेली राहायची जागा बदलली, सोबत द्यायचं माणूस आलंच नाही, किंवा कुणी पासपोर्ट काढून ठेवून घेतला, असं काही कानावर आलं तर तिकिटाचा भाव बघत बसू नका.