अनेक कंठ, एक सूर

उमरीसारख्या गावी हरिनाम सप्ताह भरला म्हणजे पंचक्रोशीतील भजनी मंडळे एकत्र येतात. कोणी मृदंग आणतो, कोणी टाळ, कोणी वीणा. आणि सर्वांच्या मधोमध पेटी उघडली जाते. एका गावचा पेटीवाला दुसऱ्या गावच्या पेटीवाल्याची बोटे न्याहाळतो, त्याची एखादी नवी चाल मनात साठवितो आणि आपल्या गावी जाऊन ती वाजवितो. अशा रीतीने विद्या गावोगाव पसरते.

अशीच परंपरा ख्रिस्ती लोकांच्या प्रार्थनामंदिरांतही आहे. चर्चमध्ये ऑर्गन वाजविणाऱ्या वादकांच्या संस्था इंग्लंडमध्ये १८६४ साली आणि अमेरिकेत १८९६ साली स्थापन झाल्या. वादक आणि समूहगान शिकविणारे वृंदनायक यांचे प्रादेशिक मेळावे भरतात, आणि एखादे चर्च त्या पाहुण्यांचे यजमान होते. हे मेळावे चर्चमध्येच का बरे भरावेत? याचे उत्तर ऑर्गन या वाद्यातच आहे.

ऑर्गन हे वाऱ्यावर चालणारे वाद्य. बासरीत आपण फुंकर घालतो. ऑर्गनमध्ये ते काम भाता करतो. पूर्वी हा भाता माणसे हलवीत असत. पुढे ते काम विजेच्या पंख्याकडे आले. भात्यातील वारा शेकडो नळ्यांच्या बुडाशी येऊन थांबतो. वादकाने पट्टी दाबली की त्या पट्टीच्या नळीचे दार उघडते आणि सूर निघतो. नळी जितकी लांब, तितका सूर खोल. मोठ्या ऑर्गनातील एखादी नळी १६ फुटांहून लांब, तर एखादी पेन्सिलीएवढी असते. काही नळ्या लाकडाच्या, काही धातूच्या. कोणत्या नळ्या बोलवायच्या हे ठरविण्यासाठी बाजूला खटके असतात. वादकाची बोटे पट्ट्यांवर फिरतात आणि त्याच वेळी त्याचे पाय खालच्या लाकडी पट्ट्यांवर चालतात. मुंबईच्या फोर्ट भागात सेंट थॉमस कॅथीड्रल आहे. ते १७१८ साली उपासनेसाठी खुले झाले. तेथे असा नळ्यांचा ऑर्गन आहे.

तबलजी आपला तबला काखोटीस मारून परगावी जातो. ऑर्गन मात्र भिंतीशी उभा असतो. त्याला कोण हलविणार? म्हणून येथे वाद्य वादकाकडे जात नाही, वादकच वाद्याकडे येतो. शिवाय एक ऑर्गन दुसऱ्यासारखा नसतो. नव्या जागी कोणता खटका कसा बोलतो, हे पाहुण्याला प्रथम शिकावे लागते. दगडी दालनात बोट उचलल्यावरही सूर क्षणभर घुमत राहतो; त्या घुमण्याला सांभाळून वाजवावे लागते. ही गोष्ट पुस्तकात वाचून येत नाही. ती जाणत्याच्या शेजारी बसूनच उमगते.

मेळाव्यात आणखी एक सुंदर गोष्ट घडते. एरवी आपापल्या गावी इतरांना गावयास लावणारे वृंदनायक येथे स्वतः रांगेत उभे राहतात आणि दुसऱ्या नायकाच्या हाताच्या खुणेवर गातात. उंच, मध्यम, खालचा आणि खर्जातला असे चार आवाज वेगवेगळ्या वाटांनी निघतात, तरी कानाला एकच गाणे ऐकू येते. ज्याला दुसऱ्याचा सूर ऐकता येत नाही, त्याला नायक होता येत नाही. म्हणूनच नायकाने अधूनमधून शिष्य व्हावे लागते.

आपल्या शेजारच्या गोव्यात ही विद्या फार जुनी आहे. तेथे चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना अक्षरांबरोबर स्वरही शिकवीत. या शिक्षकाला पोर्तुगीज भाषेत ‘मेस्त्रे’ म्हणत. आपला ‘मिस्त्री’ हा शब्द त्याच शब्दापासून आला आहे. माजोर्डा गावच्या अशाच एका संगीतशिक्षकाच्या घरी १९२७ साली अँथनी गोन्साल्विस यांचा जन्म झाला. पुढे मुंबईस येऊन ते चित्रपटसंगीतातील नामांकित व्हायोलिनवादक झाले. संगीतकार प्यारेलाल हे त्यांचे शिष्य. १९७७ सालच्या ‘अमर अकबर अँथनी’ या चित्रपटातील एका गाण्यात या गुरूचे नाव आजही ऐकू येते.

आणि आपली पेटी? ती या ऑर्गनचीच धाकटी बहीण. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या दबें नावाच्या कारागिराने नळ्यांऐवजी पितळेच्या पातळ पत्त्या बसवून हार्मोनियम तयार केला. त्याचा भाता पायाने चालवीत. १८७५ च्या सुमारास कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी हाताने भाता चालविण्याची, जमिनीवर बसून वाजविता येणारी पेटी घडविली. पायभात्याचा ऑर्गन मराठी रंगभूमीवर बालगंधर्वांच्या गाण्याला साथ करू लागला, आणि पेटी कीर्तनात व भजनात रमली. अहमदनगरला कार्य केलेले कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी ख्रिस्ती उपासनेसाठी मराठी भजने रचली. ती चर्चमध्ये टाळ-पेटीच्या साथीने गाइली जाऊ लागली. परदेशचा वारा मराठी सुरात असा मिसळून गेला!

नळ्यांचे ऑर्गन आपल्या देशात थोडे आहेत. ते वाजविणारे त्याहून थोडे. पावसाळ्यात लाकूड फुगते, भात्याचे कातडे चिरते आणि न वाजविलेले वाद्य हळूहळू मुके होते. आता बटण दाबताच ऑर्गनसारखा आवाज काढणारी विजेची वाद्ये मिळतात. त्यांची सोय मोठी. पण भात्याचे कातडे सांधण्याची आणि शेकडो नळ्या सुरात लावण्याची विद्या त्यांच्यापासून मिळत नाही. ती एका हातातून दुसऱ्या हातात द्यावी लागते, आणि देणारा व घेणारा एकत्र आल्याशिवाय ते घडत नाही. मग ते चर्चचे दालन असो की सप्ताहाचा मांडव.

स्वाध्याय

शब्दार्थ : पंचक्रोशी – गावाभोवतीचा पाच कोसांचा प्रदेश, भाता – वारा भरण्याचे साधन, खर्ज – सर्वांत खालचा सूर, वृंदनायक – समूहगानाचा प्रमुख.

१. ऑर्गनवादकांचे मेळावे चर्चमध्येच का भरतात?
२. नळीची लांबी आणि सूर यांचा संबंध काय?
३. ‘नायकाने अधूनमधून शिष्य व्हावे लागते’ या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.
४. तुमच्या गावातील पेटीवादकाला भेटून तो ही विद्या कोणाकडून शिकला ते विचारा आणि दहा ओळी लिहा.