गिटार शिकायला खर्च किती?

दहावी-बारावीच्या परीक्षा संपल्या की घरोघरी गिटार घ्यायची टूम निघते आणि जूनपर्यंत त्यातल्या बऱ्याच गिटारी कपाटावर चढतात. तक्रार ठरलेली : बोटं दुखतात, कॉर्ड बदलताना गाणं अडतं. यात दोष नेहमी बोटांचाच नसतो. पुष्कळदा तारा फ्रेटपासून फार उंच असतात, आणि ते दुखणं पाचशे-हजारात बरं होतं.

शिकाऊ अकूस्टिक गिटार ऑनलाइन अडीच-तीन हजारांपासून मिळते. कडेन्ससारख्या ब्रँडची बरी गिटार पाच ते सात हजारांत येते, यामाहाची एफ३१० दहा हजारांच्या आसपास. माझं मत विचाराल तर पाच-सहा हजारांवर थांबावं. त्याहून मोठा बेत असेल तर मात्र छत्रपती संभाजीनगरहून देवगिरी एक्सप्रेसने मुंबई गाठा. सीएसएमटीहून धोबी तलावचं फुर्टाडोज चालत जाण्याजोगं आहे. १८६५ पासूनचं दुकान. पाच हजारांच्या गिटारीसाठी तिकीट काढू नका, औरंगपुरा-सिडकोतच बघा.

दुकानात जाताना स्टीलची फूटपट्टी न्या. शून्य अगदी कडेपासून सुरू होणारी हवी. बाराव्या फ्रेटवर ती उभी धरा आणि सर्वांत जाड तारेची खालची कड किती वर आहे ते बघा. अडीच मिलिमीटरच्या आसपास असेल तर घ्या. या उंचीला ॲक्शन म्हणतात. साडेतीन दिसलं तर ‘ॲक्शन कमी करून द्या’ म्हणा, आणि ते पैसे देताना नव्हे, त्याआधी म्हणा. मी म्हटलं नव्हतं. ‘नवीन आहे, हात बसेल’ असं ऐकून घरी आलो आणि आठ महिने हात काही बसला नाही. शेवटी एका कारागिराने तारा सैल करून ब्रिजवरची पांढरी पट्टी, म्हणजे सॅडल, काढली, खालून पॉलिशपेपरवर घासली आणि चारशे रुपये घेतले. काम अर्ध्या तासाचं.

तारांचा चांगला सेट पाचशे-सातशेला पडतो. सुरुवातीला .०१० किंवा .०११ जाडीच्या घ्या. पिक वीस रुपयांचं, पातळ. ट्यूनर आणि मेट्रोनोम मोबाइलवर फुकट. कॅपो सध्या नको.

क्लासची फी बॅचमध्ये महिन्याला साधारण हजार-दीड हजार धरा. घरी येऊन शिकवणारे बरंच जास्त घेतात. बॅचमध्ये मुलं किती, बुडालेला तास भरून मिळतो का, हे आधी विचारा. तीन महिन्यांची फी एकदम भरू नका. पहिला महिना हाताची ठेवण कोणीतरी समोर बसून दाखवायला हवी. पुढे इंग्रजी समजत असेल तर जस्टिन सँडरको यांचा मोफत ऑनलाइन कोर्स पुरतो.

त्यांचाच एक व्यायाम आहे : दोन कॉर्ड घ्या, मिनिटाचा टायमर लावा, किती वेळा बदललं ते मोजा. ए मायनर ते सी पासून सुरू करा. यात तर्जनी आणि मधलं बोट हलतच नाही. फक्त अनामिका तिसऱ्या तारेवरून पाचवीवर जाते. सुरुवातीला वीसच होतील. साठ झाले की ती जोडी गाण्यात आणा.

स्ट्रमिंगला उजवा हात झोपाळ्यासारखा खाली-वर चालूच ठेवायचा. ठोका नसेल तिथे हात तारांना न लागता जातो, पण थांबत नाही. कॉर्ड चुकली तरी तो थांबवू नका. रात्री शेजाऱ्यांची अडचण असेल तर ब्रिजजवळ तारांखाली हातरुमाल सरकवा. आवाज बसतो, ताल कळतो.

गिटार साडेपाच हजार, ॲक्शन पाचशे, तारा सहाशे, एका महिन्याचा क्लास बाराशे : आठ हजारांत भागतं. एवढं करून मे महिन्यातल्या उन्हात गिटार बंद गाडीत ठेवू नका. डिंक सैल होऊन ब्रिज उचलला, तर स्वस्त गिटारीची दुरुस्ती सहसा परवडत नाही.