खेळातला वीर आणि गावातला साधा माणूस



टेबलाभोवती बसून, फासे टाकून आणि गोष्ट सांगत खेळायचे रोलप्लेइंग गेम आता आपल्याकडच्या मुलांपर्यंतही पोहोचले आहेत. हे खेळ भाषेसाठी, गणितासाठी आणि एकत्र बसून विचार करण्यासाठी फार चांगले. पण एक अडचण जवळजवळ प्रत्येक गटात येते. मुलाला तलवार मिळते, तो वीर होतो, आणि डोंगरावरच्या राक्षसाकडे जाण्याऐवजी गावातल्या सरायवाल्यालाच धमकावतो. दुकानातून वस्तू उचलतो, म्हाताऱ्या पहारेकऱ्याला ढकलतो. पालक घाबरून विचारतात, "खेळ बंद करू का?"

बंद करू नका. पण "खेळच आहे, सोडून द्या" असंही म्हणू नका. मधला मार्ग आहे, तोच आज पाहू.

खेळाची थोडक्यात ओळख

या प्रकारातला सर्वांत प्रसिद्ध खेळ म्हणजे 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो तयार केला आणि १९७४ मध्ये तो अमेरिकेत प्रसिद्ध झाला. प्रत्येक खेळाडू एक पात्र घेतो. एक जण सूत्रधार असतो, त्याला डन्जन मास्टर म्हणतात. राक्षस, राजा, न्हावी, कुंभार, सरायवाला अशा बाकी सगळ्यांच्या भूमिका त्या एकट्याने करायच्या. म्हणजे मूल सरायवाल्याला लाथ मारतं, तेव्हा समोर बोलणारा सूत्रधारच असतो. तो तुम्ही असाल, नाहीतर वर्गातलाच एखादा मोठा मुलगा.

मुलं असं का करतात?

पहिलं कारण साधं आहे. शाळेत आणि घरी मुलांच्या हातात फारशी सत्ता नसते. खेळात ती अचानक मिळते. मिळालेली सत्ता कुठवर चालते हे मूल तपासून बघतं. यात लगेच दुष्टपणा शोधू नये.

दुसरं कारण सवयीचं. अनेक व्हिडिओ गेममध्ये कुणाच्याही घरात शिरून मडकी फोडायची, कपाटं उघडायची, सापडेल ते घ्यायचं, आणि घरमालक काहीच बोलत नाही. 'झेल्डा' खेळलेल्या मुलाला मडकं दिसलं की फोडावंसंच वाटतं.

तिसरं कारण नियमांतच आहे. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत सामान्य गावकऱ्याला फक्त ४ हिट पॉइंट असतात. लांब तलवारीचा घाव आठ बाजूंच्या फाशावर मोजतात. म्हणजे घाव लागला, की ८ पैकी ५ वेळा गावकरी एकाच घावात आडवा. वीराच्या ताकदीचे गुण मिळवले तर त्याहून सहज. कागदावर तो माणूस इतका स्वस्त असेल, तर मुलाला तो माणूस वाटणार कसा?

इथेच आपलं काम सुरू होतं. राक्षसाशी कसं लढायचं हे खेळ शिकवतोच. जो उलट मारू शकत नाही त्याच्याशी कसं वागायचं, हे सूत्रधाराने शिकवायचं असतं. आणि मुलांना आयुष्यात राक्षस भेटणार नाहीत. रिक्षावाले काका, शाळेतल्या मावशी आणि वर्गातला अबोल मुलगा मात्र रोज भेटतात.

खेळ सुरू होण्याआधी

डी.एड.ला आपण सगळ्यांनीच पियाजे वाचला आहे. स्वित्झर्लंडमधल्या मुलांना गोट्या खेळताना बघून, त्यांना प्रश्न विचारून त्याने मुलांच्या नैतिक विचारावर लिहिलं. ते पुस्तक १९३२ चं. त्याचं म्हणणं असं, की लहान मुलांना नियम वरून आलेले आणि न बदलणारे वाटतात. मोठी होताना त्यांना उमगतं, की नियम आपण एकमेकांच्या संमतीने करतो आणि म्हणूनच पाळतो.

याचा सरळ उपयोग करा. पहिल्या दिवशी फासे काढूच नका. कागद घ्या आणि मुलांनाच विचारा:

१. आपली टोळी गावाला मदत करणारी आहे की गावाला लुटणारी?
२. गोष्टीत काय अजिबात नको? (छळ, लहान मुलांना मारणं, प्राण्यांचे हाल, जे मुलं सांगतील ते.)
३. एखाद्याला खेळताना वाईट वाटलं तर थांबायचं कसं? (हात वर केला की खेळ थांबेल, कारण विचारायचं नाही.)

उत्तरं मुलांच्याच अक्षरात लिहून घ्या आणि सगळ्यांच्या सह्या घ्या. सरांनी सांगितलेला नियम मोडायला मजा येते, आपणच सही केलेला मोडताना जीभ चावली जाते.

खेळ चालू असताना

गावकऱ्याला नाव द्या. "एक सरायवाली" म्हणू नका. "रखमाआजी. गुडघे दुखतात म्हणून बसूनच भाकरी थापते. नातवाची वाट बघतेय, तो डोंगराकडे गेला तो परत आलाच नाही." एवढी तीन वाक्यं पुरतात. आता तिला लुटायचं की नातवाबद्दल विचारायचं, हे मुलं स्वतःच ठरवतात. गोष्टीची पुढची वाटही तिच्याकडेच असू द्या. म्हणजे गावकऱ्याशी नीट बोलणं हीच खेळातली कमाई होते.

फासा टाकण्याआधी विचारा. "तू आजीच्या अंगावर तलवार उपसतोयस. सराईत बसलेले सगळे बघतायत. आजी हात जोडते. करतोस?" आवाज शांत ठेवा, रागावू नका. पुष्कळ वेळा मुलाला प्रसंग नीट दिसलेलाच नसतो. दिसला की तो मागे येतो.

परिणाम दाखवा, सूड नको. गावात अचानक अजिंक्य शिपाई आणून वीरांना बदडून काढणं हा सोपा उपाय वाटतो. पण त्यातून मुलं एवढंच शिकतात, की ज्याचा हात जड तोच खरा. त्याऐवजी 'गावाची वही' ठेवा. या खेळाच्या जुन्या नियमांत अनोळखी माणूस किंवा प्राणी कसा वागेल हे दोन फाशांवर ठरवायचे, तीच युक्ती इथे वापरता येते. दोन फाशांची बेरीज ९ किंवा जास्त आली तर गावकरी मदत करेल, असं ठरवा. ३६ पैकी १० वेळा ती येते. टोळीने गावात वाईट वागणूक केली, की बेरजेतून २ वजा. आता ११ किंवा १२ च हवेत, म्हणजे ३६ पैकी फक्त ३ वेळा. कुणी ओरडलं नाही, मारलं नाही. दारं मात्र बंद होत गेली. पाचवी-सहावीच्या मुलांकडून हे गणित फळ्यावर करून घ्या, बदनामीची किंमत त्यांना आकड्यांत दिसेल.

परतीची वाट ठेवा. चोरलेलं परत केलं, आजीचं छप्पर शाकारून दिलं, नातू शोधून आणला, तर वहीतले गुण परत द्या. चूक सुधारता येते हा अनुभव शिक्षेपेक्षा जास्त टिकतो.

"माझं पात्रच तसं आहे!"

हे वाक्य ऐकायला मिळणारच. उत्तर वाद न घालता द्या: "पात्र तू बनवलंस. मग असं पात्र बनव, जे या टोळीला सोबत हवंसं वाटेल." पात्र रागीट असू शकतं, लोभीही असू शकतं. पण रागीट पात्राने कधी राग गिळायचा हे खेळाडूच्याच हातात असतं. उलट त्यातच अभिनयाची खरी गंमत आहे.

खेळातला प्रश्न की टेबलावरचा?

हा फरक शिक्षकांनी आणि पालकांनी पक्का लक्षात ठेवावा. पात्राने गावकऱ्याला फसवलं आणि सगळी मुलं रंगून पुढची गोष्ट रचतायत, तर तो खेळातला प्रश्न. तो गोष्टीतच सोडवा. पण एक मूल मुद्दाम सगळ्यांची गोष्ट मोडतंय, दुसरं गप्प झालंय, तिसरीच्या डोळ्यांत पाणी आलंय, तर हा टेबलावरचा प्रश्न आहे. तो गोष्टीतल्या शिपायांकडून सुटत नाही. खेळ थांबवा, त्या मुलाला बाजूला घ्या आणि चारचौघांत अपमान न करता विचारा, "तुला या खेळातून काय हवंय?" कधी उत्तर येतं, "मला लढाईच आवडते." मग पुढच्या वेळी लढाई लवकर आणा. कधी गप्प बसण्यातूनच कळतं, की या मुलालाही कुठेतरी कुणीतरी असंच ढकलतंय. तसं वाटलं तर विषय खेळापुरता ठेवू नका, पालक आणि वर्गशिक्षकांनी मिळून त्याच्याशी बोला.

पालकांसाठी एक छोटा उपक्रम. खेळ संपल्यावर "किती राक्षस मारले?" असं विचारू नका. विचारा, "आज गावात कोण कोण भेटलं?" मूल नावं सांगू लागलं, रखमाआजीचे गुडघे आता कसे आहेत तेही सांगू लागलं, की समजा खेळ योग्य वाटेवर आहे.