मेळाव्यातील पत्राचे दुसरे पान

रोजगार मेळावा म्हणजे नोकरी देऊ इच्छिणाऱ्या आस्थापना आणि नोकरी शोधणारे उमेदवार यांची एकाच दिवशी, एकाच मांडवात गाठ घालून देणारी व्यवस्था होय. महाराष्ट्रात शासनाचा कौशल्य विकास विभाग असे मेळावे भरवितो व त्यांसाठी ‘महास्वयम्’ या संकेतस्थळावर नोंदणी होते, तर अनेक खासगी महाविद्यालयेही आपल्या आवारात ते घेतात. या व्यवस्थेची उपयुक्तता वादातीत आहे. मात्र मेळाव्याचे यश जागेवर वाटलेल्या पत्रांच्या संख्येवर मोजले जात असल्याने, हाती आलेले पत्र नेमके कशाचे आहे हे पाहण्याचे काम एकट्या उमेदवारावर पडते.

असे पत्र तीन प्रकारचे असते. इरादापत्रात कंपनी केवळ आपला विचार कळविते. नियुक्तीपत्रात पद, वेतन व रुजू होण्याचा दिनांक बांधून दिलेला असतो. तिसरे पत्र शिकाऊ उमेदवारीचे, म्हणजे शिकाऊ उमेदवार अधिनियम, 1961 खालील प्रशिक्षणाचे असते, आणि त्यात वेतनाऐवजी विद्यावेतन मिळते, भविष्य निर्वाह निधी लागू होत नाही व कायदा उमेदवारास कामगार न मानता प्रशिक्षणार्थी मानतो. शिकाऊ उमेदवारी कमी प्रतीची मुळीच नव्हे. ती नोकरी म्हणून हातावर ठेवली जाते तेव्हा ती फसवणूक ठरते.

प्रस्तुत लेखकास पदविकेच्या अंतिम वर्षी मिळालेले पत्र याच जातीचे होते. पहिल्या पानावर मांडवातील फलकावरच्याच कंपनीचे बोधचिन्ह ठळकपणे छापलेले होते. दुसऱ्या पानाच्या तळाशी शिक्का मात्र एका मनुष्यबळ पुरवठादाराचा, म्हणजे माणसे स्वतःच्या हजेरीपटावर ठेवून दुसऱ्याच्या कारखान्यात पाठविणाऱ्या ठेकेदाराचा होता आणि ‘पद’ या रकान्यात ‘शिकाऊ उमेदवार, 12 महिने’ असे बारीक टायपात लिहिलेले होते. व्यासपीठावर पत्र हाती देऊन छायाचित्र काढले गेले, मागच्या रांगेतून ‘चला, पुढे व्हा’ असा पुकारा सुरू होता, आणि सही ज्या पानावर घेतली गेली ते पान वरचे पान दुमडून पुढे करण्यात आले होते, ही बाब येथे मुद्दाम नोंदविली पाहिजे.

उलगडा झाला तो रुजू होण्याच्या दिवशी, कारखान्याच्या फाटकावर, पहारेकऱ्याने सहज विचारलेल्या एका प्रश्नाने: ‘कोणत्या ठेकेदाराचा?’ कंपनीचे नाव सांगताच त्याने मान हलवून मागच्या दाराकडे बोट दाखविले, जेथे वेगळ्या रंगाचे पास वाटले जात होते. मेळाव्यात ‘आता तू आमच्या घरचाच’ म्हणणाऱ्या प्रतिनिधीस त्याच दिवशी दूरध्वनी केला असता उत्तर आले, ‘पत्र वाचायला कोणी अडवलं होतं का?’ उत्तर तांत्रिकदृष्ट्या खरे होते, आणि म्हणूनच ते अधिक लागले. दरम्यान ‘एक विद्यार्थी, एक नोकरी’ या महाविद्यालयाच्या नियमामुळे नंतर आवारात आलेल्या दोन कंपन्यांच्या मुलाखतींना बसण्याची वाटही बंद झालेली होती.

या अनुभवातून निघणारा पहिला नियम असा की, टेबलापाशी पगार किती हे विचारण्याआधी तो कोणाच्या खात्यातून जमा होणार हे विचारावे, आणि उत्तर टाळले गेल्यास तेथून उठावे. पत्राची सर्व पाने जागेवर वाचावीत, न जमल्यास सहीसाठी एक दिवस मागून घ्यावा, व पत्र नीट तपासल्याखेरीज त्याची वर्दी महाविद्यालयास देऊ नये. शिकाऊ उमेदवारीचा करार कायद्याने नोंदवावा लागतो. म्हणून नोंदणी क्रमांक मागण्यात संकोच नसावा. फलकावरील वार्षिक आकडा बहुधा ‘सीटीसी’चा, म्हणजे उमेदवारापायी कंपनीस पडणाऱ्या एकूण खर्चाचा असतो, तो 2 लाख 40 हजार असला तरी महिन्याला 20,000 हाती येत नाहीत, कारण मूळ वेतन 12,000 धरल्यास भविष्य निर्वाह निधीचे 12 टक्के, म्हणजे 1,440 रुपये, उमेदवाराचे व तितकेच कंपनीच्या वाट्याचे त्याच आकड्यातून वजा होतात. गणवेश वा प्रशिक्षण यांच्या नावाखाली अनामत मागितल्यास ती देऊ नये आणि मूळ गुणपत्रिका दाखवून लगेच परत घ्याव्यात. नीटनेटके कपडे, परिचयपत्राच्या दहा प्रती, सकाळी लवकर पोहोचणे या गोष्टी सर्वच मार्गदर्शक सांगतात, आणि त्या खऱ्याही आहेत. मात्र त्यांनी रांगेत पुढचा क्रमांक मिळतो, चांगले पत्र मिळेलच असे नाही.

फलकावर नाव कोणाचेही असो, पत्रावर ज्याचा शिक्का तोच मालक. त्या दिवशीचे छायाचित्र महाविद्यालयाच्या माहितीपुस्तिकेत ‘यशस्वी उमेदवार’ या मथळ्याखाली पुढेही छापले गेले. त्यात उमेदवाराच्या हातातील पत्राचे पहिलेच पान वर आहे.