ओहोटी, किल्ला आणि पोपटी

भात कापून झाले की पेण-रोह्याच्या शेतांत वाल पेरतात. जमिनीत भाताची ओल उरलेली असते. तेवढ्या ओलीवर आणि रात्रीच्या दवावर वाल वाढतो. पौषात शेंगा भरतात. मग शहरात राहणाऱ्या पोरांना गावाची आठवण येते. ते निरोप धाडतात, "पोपटी कधी लावता?"

पेणजवळच्या एका घरी असाच निरोप आला. रोह्याहून भावोजींचे चार मित्र येणार होते. आधी अलिबागला कुलाबा किल्ला बघायचा, दिवसभर समुद्रावर बसायचे आणि रात्री शेतात पोपटी खायची, असा बेत होता. दिवस ठरवायचा राहिला होता.

भावोजी म्हणाले, "वहिनी, येत्या रविवारी नको, पुढच्या रविवारी जाऊ. त्या दिवशी दुपारी सव्वादोनला ओहोटी आहे. सकाळी निवांत उठू."

वहिनी दोन वर्षांपूर्वी वाचायला शिकल्या होत्या. भिंतीवरची दिनदर्शिका त्यांनीच टांगली होती. त्यांनी पुढच्या रविवारावर बोट ठेवले. "भावोजी, पुढच्या रविवारी एकादशी. ओहोटी सव्वादोनला असेल, पण पाणी भांगाचं असेल. किल्ल्याची वाट उघडी पडेलच असं नाही."

"तुम्हाला कसं कळलं?"

"आमचं माहेर खाडीकाठचं. आमच्या आईला लिहायला येत नव्हतं, पण तिथीवरून पाणी सांगायची."

तो हिशेब असा आहे. आजची तिथी घ्या. तिची पाऊणपट करा. जो आकडा येईल तितक्या वाजता आपल्या किनाऱ्यावर पूर्ण भरती असते. तिथी शुद्ध असो की वद्य, हिशेब एकच. चतुर्थी घ्या. चाराची पाऊणपट तीन. म्हणजे दुपारी तीनला भरती आणि पहाटे तीनलाही भरती. भरतीपासून सहा तास मागे किंवा पुढे गेले की ओहोटी. म्हणजे सकाळी नऊला आणि रात्री नऊला. एकादशी घ्या. अकराची पाऊणपट सव्वाआठ. भरती सव्वाआठला, ओहोटी सव्वादोनला. भावोजींनी हीच वेळ मोबाइलवर वाचली होती.

पाऊणपट का? चंद्र रोज पाऊण तासाहून थोडा अधिक उशिरा उगवतो. समुद्राचे पाणी मुख्यतः चंद्राच्या ओढीने चढते-उतरते. चंद्र उशिरा आला की भरतीही उशिरा येते. हा हिशेब ठोकळ आहे. अर्धापाऊण तास इकडे-तिकडे होतो. शिवाय तो मुंबई-कुलाब्याच्या किनाऱ्याचा आहे. दुसऱ्या देशी, दुसऱ्या बंदरी तो लावू नये. किल्ल्यावर जायचे असेल तर छापील वेळही पाहावी आणि किनाऱ्यावरच्या माणसालाही विचारावे.

पण नुसती वेळ कळून भागत नाही. पाणी किती उतरणार तेही पाहावे लागते. अमावास्येला आणि पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एका रेषेत येतात. दोघांची ओढ एक होते. तेव्हा पाणी खूप चढते आणि खूप उतरते. याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास दोघांची ओढ आडवी-उभी होते. तेव्हा पाणी थोडेच चढते आणि थोडेच उतरते. तो भांग. भांगाचा जोर अष्टमीनंतरही दोन-तीन दिवस राहतो. म्हणून वहिनींनी एकादशीला नाही म्हटले. येत्या रविवारी वद्य चतुर्थी होती. उधाण नुकतेच सरलेले. पाणी चांगले उतरणार होते.

"पण वहिनी, चतुर्थी म्हणजे संकष्टी! उपास असेल ना तुमचा?"

"एकादशीलाही उपासच असता. संकष्टीचा निदान रात्री सुटतो. पोपटी चंद्र उगवल्यावर खाऊ."

रविवारी पहाटे मंडळी निघाली. वडखळ, पोयनाड करीत एसटी साडेसातला अलिबागला पोचली. रोह्याचे मित्र आधीच येऊन चहा पीत बसले होते.

कुलाबा किल्ला खरा बेटावरचा. भरतीच्या वेळी त्याला चहूकडून पाणी असते. ओहोटीला मधली वाळू आणि खडक उघडे पडतात. मग लोक चालत जातात. घोडागाड्याही जातात. हा किल्ला बांधायचे काम छत्रपती शिवाजी महाराजांनी १६८० साली हाती घेतले आणि संभाजी महाराजांच्या काळात ते पुरे झाले. पुढे कान्होजी आंग्रे यांनी इथून सागरावर दरारा बसवला. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज दोघे मिळून चालून आले. त्यांना हात हलवीत परत जावे लागले. आपल्या जिल्ह्याला पूर्वी कुलाबा हेच नाव होते. १९८१ साली ते रायगड झाले.

तटाचे दगड पाहण्यासारखे आहेत. हे मोठाले चिरे चुन्याशिवाय एकावर एक रचले आहेत. लाट आपटली की पाणी फटींतून आत जाते आणि परत येते. त्यामुळे लाटेचा मार बसत नाही. आत गणपतीचे देऊळ आहे. भोवती खारे पाणी असून आत विहिरीला गोडे पाणी आहे. संकष्टी असल्यामुळे देवळात गर्दी होती. वहिनींनी दर्शन घेतले, विहीर पाहिली आणि घड्याळ पाहिले. पावणेदहा झाले होते.

"चला, निघू या."

रोह्याचा एक मित्र म्हणाला, "वहिनी, नऊला तर ओहोटी झाली. पाऊण तासात पाणी हललंसुद्धा नाही. अजून तासभर बसू. तिकडे सर्जेकोट बघायचा आहे."

इथेच पुष्कळ माणसे फसतात. सर्जेकोट हा शेजारचा लहान कोट. तो पाहायला हरकत नाही, पण वेळ आधी काढावी. भरतीचे पाणी दर तासाला सारखे चढत नाही. जुने दर्यावर्दी त्याचे बारा हिस्से करतात. पहिल्या तासात एक हिस्सा चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक. समजा, एकूण पाणी १२ फूट चढणार आहे. पहिल्या तासात एकच फूट चढेल. माणसाला वाटेल, काही होत नाही. दुसऱ्या तासाच्या शेवटी तीन फूट झालेले असेल. तिसऱ्या तासाच्या शेवटी सहा फूट! सहा फुटांत उंच माणूसही बुडतो. आणि वाट सगळीकडे सपाट नाही. मध्ये खळगे आहेत. तिथे आधी पाणी भरते. पुढे कोरडी वाळू दिसते आणि मागे-पुढे पाणी येऊन माणूस मध्येच अडकतो.

वहिनींनी हे सगळे सांगितले नाही. त्या चपला हातात घेऊन चालू लागल्या. मग बाकीचेही निघाले. कोरड्या आलेल्या वाटेवर एके ठिकाणी आता पोटरीइतके पाणी होते. सर्जेकोट बघायचा म्हणणारा मित्र तिथे जरा थांबला, मागे वळून पाहिले आणि मग भरभर चालू लागला. मागे राहिलेल्या मंडळींना पुढे होडीने यावे लागले. होडी असते, पण तिच्या भरवशावर वाळूत उतरू नये.

मग मात्र कसली घाई नव्हती. सुरूच्या झाडांखाली चटया पसरल्या. उपासवाल्यांनी साबुदाण्याची खिचडी आणि केळी खाल्ली. रोह्याच्या मित्रांनी तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी काढली. वास असा सुटला की भावोजी उपास धरल्याबद्दल हळहळले. कोणी झोपले, कोणी पत्ते कुटले. तीन वाजता सगळे उठून बसले. सकाळची वाट गेली होती. जिथून ते चालत आले तिथे होडी चालली होती.

"पाण्यानं तीन बरोबर पाळले की हो!" मित्र म्हणाला.

"पाच-दहा मिनिटं इकडे-तिकडे," वहिनी म्हणाल्या.

संध्याकाळी मंडळी शेतावर आली. आता पोपटीचे सांगतो. मडके जाड बुडाचे घ्यावे. त्यात तळाशी भांबुर्डीचा पाला घालावा. हा पाला शेताच्या बांधावर आपोआप उगवतो. त्याला उग्र वास असतो, आणि पोपटीला जी चव येते ती त्याचीच. भांबुर्डी नसेल तर पोपटी लावू नये, असे माझे मत आहे. पाल्यावर वालाच्या भरल्या शेंगा घालाव्या. त्यांत बटाटे, रताळी, वांगी, कांदे घालावे. जाडे मीठ आणि ओवा पेरावा. काही लोक अंडी किंवा केळीच्या पानात बांधलेली कोंबडी घालतात. त्या दिवशी संकष्टी म्हणून ती नव्हती. तेल नाही, पाण्याचा थेंब नाही. शेंगांच्या आणि पाल्याच्या ओलीचीच वाफ होते. वर पुन्हा पाला दाबून मडक्याचे तोंड गच्च बंद करावे. मग मडके खळग्यात उपडे ठेवून भोवती सुका पालापाचोळा, काटक्या, गोवऱ्या रचून पेटवावे. आधी भोवतालचे वाळले गवत काढून टाकावे. नाहीतर पोपटीबरोबर शेजाऱ्याचा पेंढाही भाजला जाईल.

जाळ अर्धा तास पुरतो. झाले की नाही, हे मडके उघडून पाहू नये. वाफ गेली की शेंगा कच्च्या राहतात. मडक्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडावे. चर्र झाले की समजावे, झाली.

दिनदर्शिकेत चंद्रोदयाची वेळ छापलेली होती. वहिनींनी त्या हिशेबाने जाळ लावला. मडके उतरले तेव्हा पूर्वेला झाडांमागे उजेड आला होता. मित्रांचा धीर निघेना.

"वहिनी, चंद्र आला ना?"

"अर्धाच आलाय. थांबा जरा."

मडके कागदावर उपडे केले. वाफेचा लोट उठला. गरम शेंग बोटांनी दाबली की दाणा आपोआप जिभेवर येत होता. कोणी बोलत नव्हते. सालपटांचा ढीग तेवढा वाढत होता.

हिशेब करून पाहा. षष्ठीला भरती किती वाजता येईल? त्या दिवशी सकाळची ओहोटी किती वाजता? किल्ल्यावर गेलात तर किती वाजता परत निघाल? आता दिनदर्शिकेत आजची तिथी शोधा आणि आजची भरती काढा.