थकवा, थंडी आणि थायरॉईड

मिस्सा संपवून देवळाच्या पायऱ्या उतरताना ‘आता वय झालं’ म्हणणाऱ्या भगिनी आपल्या धर्मग्रामात पुष्कळ आहेत. पण चाळिशीतच वय झाले? काही वेळा कारण वय नसून थायरॉईड असते.

फुलपाखराच्या आकाराची ही ग्रंथी कंठमण्याच्या खाली असते. तिचे संप्रेरक कमी पडले की शरीराचा सारा कारभार मंदावतो. घरच्यांनी पंखा लावलेला असताना आपल्याला चादर लागते. जेवण तेवढेच, तरी वजन वाढते. बद्धकोष्ठता, कोरडी त्वचा, केसगळती, घोगरा आवाज, पाळीत जास्त रक्तस्राव, उदासपणा, विसराळूपणा. घरचे मात्र ‘आळशी झाली’ म्हणून मोकळे होतात, हे अन्यायाचे आहे. पुरुषांनाही हा आजार होतो. स्त्रियांत त्याचे प्रमाण बरेच जास्त आहे.

घरी काय पाहाल? आरशासमोर मान किंचित मागे करून पाण्याचा घोट गिळा. कंठमण्याखाली फुगवटा वर-खाली होताना दिसतो का? (कंठमणी स्वतः हलतोच, त्याला गाठ समजू नका.) सकाळी अंथरुणातच मनगटाची नाडी पूर्ण एक मिनिट मोजा, ६० पेक्षा कमी भरली तर लिहून ठेवा. दोन वर्षांपूर्वीचा फोटो काढून चेहऱ्याची सूज ताडून पाहा.

काखेत थर्मामीटर लावून निदान करण्याची पद्धत अमेरिकेचे डॉ. ब्रोडा बार्न्स यांनी रूढ केली होती. ती भरवशाची नाही. वरची लक्षणेही रक्त कमी असल्यास दिसू शकतात आणि मान सपाट असूनही आजार असू शकतो. म्हणून नोंदी घेऊन डॉक्टरांकडे जा व टीएसएच ही रक्ततपासणी करा. गरोदर स्त्रियांनी तर मुळीच दिरंगाई करू नये. बाळाच्या मेंदूची वाढ या संप्रेरकावर अवलंबून असते.

गोळी सुरू झाली तर ती सकाळी उपाशीपोटी, फक्त पाण्यासोबत घ्यावी. चहा-नाश्ता अर्ध्या ते एक तासाने. लोह व कॅल्शियमच्या गोळ्यांत चार तासांचे अंतर हवे. बरे वाटले म्हणून मनाने बंद करू नये.

‘सकाळच्या मिस्सेआधी गोळी चालेल का?’ असे काहीजण विचारतात. चालेल. ख्रिस्तप्रसादाआधीच्या एका तासाच्या उपवासातून पाणी आणि औषध हे दोन्ही धर्मसंहितेच्या ९१९व्या कलमाने वगळले आहेत. चहा मिस्सेहून घरी आल्यावर घ्यावा.