निडियाने वाट का दाखविली?

वार्षिकासाठी आलेल्या गोष्टींत एक प्रकार वारंवार दृष्टीस पडला. नदीस पूर येतो, नायिका प्रवाहात सापडते, आणि मागील पानापर्यंत घाटावर स्वस्थ बसलेला तरुण एकाएकी उडी घालून तिला वाचवितो. का? तर तो नायक आहे म्हणून! परंतु पूर हे उडीचे कारण नव्हे. पुराने केवळ प्रसंग आणला. कारण त्या मनुष्याच्या अंतःकरणात पूर्वीपासून असावे लागते.

लिटन या इंग्रज ग्रंथकाराची पाँपी नगराच्या अखेरच्या दिवसांवरील कादंबरी १८३४ साली प्रसिद्ध झाली. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हिअस पर्वताचा स्फोट होऊन हे नगर राखेखाली गाडले गेले. कादंबरीतील निडिया ही फुले विकणारी आंधळी दासी. ग्लॉकस हा ग्रीक तरुण तिला निर्दय धन्याकडून विकत घेऊन सोडवितो, आणि तिची प्रीती त्याच्यावर जडते. त्याला याची वार्ताही नसते. तो तिला आपल्या प्रियेच्या, आयोनीच्या, सेवेस देऊन टाकतो! दयाळू माणसेही किती आंधळी असतात पाहा. मत्सराने पोळलेली निडिया वशीकरणाचे म्हणून मिळालेले औषध चोरून त्याला पाजते. ते निघते वेड लावणारे. त्या भ्रमिष्ट अवस्थेतच त्याच्यावर खुनाचा आळ येतो व त्याला सिंहापुढे टाकण्याची शिक्षा होते.

इतके घडल्यावर मग पर्वत फुटतो. भर दिवसा काळोख होतो, डोळसांना वाट सुचत नाही; निडियाला मात्र फुले विकता विकता गल्ल्या पाठ झालेल्या. ती दोघांनाही समुद्राकडे नेते; गर्दीत ताटातूट झाली असता मागे फिरून त्यांना शोधते. आयोनीला अंधारात सोडून देणे तिला किती सोपे होते! पण एकदा आपल्या इच्छेपायी ज्याचा घात केला, त्याचे सुख पुन्हा हिरावून घेण्यास तिचे मन धजत नाही, असे मला वाटते. प्रीती, उपकाराची जाणीव व पश्चात्ताप ही तिन्ही एकाच पावलात आहेत.

खऱ्या माणसांचेही असेच असते. त्याच संकटात आरमाराचा अधिकारी थोरला प्लिनी प्रथम केवळ तो विलक्षण मेघ पाहण्याच्या जिज्ञासेने निघाला होता. इतक्यात एका स्त्रीची मदतीची चिठ्ठी आली, तेव्हा त्याने मोठी गलबते लोटविली, आणि तो परत आला नाही. हे त्याच्या भाच्याने पत्रात लिहून ठेविले आहे.

निडियाच्या अंताविषयी मात्र आमच्या वर्गात मतभेद झाला. पहाटे गलबतावर सारे निजले असता ती समुद्रात देह टाकते. एका मुलीने म्हटले, "गुरुजी, लेखकाला ती अडचण झाली होती." ख्रिस्ती शिक्षक या नात्याने मला हा अंत रुचत नाही, आणि कथा म्हणून पाहता त्या मुलीचा आक्षेप मला अद्याप खोडता आलेला नाही.

पुराची गोष्ट तिच्या लेखकास परत दिली आहे. घाटावरील तरुण त्या मुलीचे काय देणे लागत होता, एवढे त्याने पूर येण्यापूर्वीच्या पानावर लिहून आणावे.